ड्रायव्हर गाडी सोडत नाही

आमचा कॉलम पोलादपूर तालुक्यात आला तेव्हा मी हवालदार होतो, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. कॉलम म्हणजे मदतीला पाठवलेली फौजेची तुकडी. चाळीस जवान, दोन ट्रक आणि एक कॅप्टन साहेब. कशेडी घाटात दरड आली होती, महाडात भरलेलं पाणी ओसरत होतं, आणि आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या वाड्या रिकाम्या करायचं काम आमच्याकडे होतं. मुक्काम कापड्याजवळच्या एका पटांगणात. माझं घर तिथून दोन डोंगर पलीकडे. सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी माझ्या तालुक्यात ड्यूटीवर आलो होतो, आणि त्याची थोडी मिजास अंगात होती.

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकतो. मी संशयी माणूस आहे. मेकॅनिकचा धंदाच तसा. ड्रायव्हर येऊन सांगतो, 'काही केलं नाही, आपोआप बंद पडली', आणि बहुतेक वेळा त्याने काहीतरी केलेलं असतं. या संशयावर मी नाव कमावलं होतं. वर्कशॉपमध्ये नवी पोरं मला घाबरायची, आणि मला ते आवडायचं.

माझ्या ताब्यातला ट्रक जुना होता. हातगिअरचा डिझेल, चोवीस व्होल्टचा, दोन बॅटऱ्या डाव्या बाजूला चॅसीवरच्या पेटीत. ड्रायव्हर लान्स नाईक रामकिसन, परभणीकडचा. बोलणं कमी. ट्रकला तो 'म्हातारी' म्हणायचा आणि ड्यूटी संपली की फडकं घेऊन तिचा डॅशबोर्ड पुसत बसायचा. मला उस्ताद म्हणायचा. फौजेत वरच्या, शिकवणाऱ्या माणसाला तसं म्हणतात.

एका दिवशी १६०० वाजता, म्हणजे दुपारी चारला, तो कॅप्टन साहेबांना घेऊन वरच्या वाडीपर्यंत रस्ता बघून आला. तिथे तेवीस माणसं उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ०६०० ला ट्रक जाणार, ०७०० पर्यंत सगळ्यांना घेऊन खाली येणार, असा हुकूम निघाला. हुकूम ऐकून रामकिसन माझ्याकडे आला.

"उस्ताद, वाडीच्या वरच्या अंगाला झरा फुटलाय. पाणी गढूळ हाय. मला ती जागा बरी वाटंना."

"परभणीत डोंगर कधी बघितलेस तू?" मी म्हणालो. "आमच्याकडे पावसात दहा झरे फुटतात."

तो फडकं उचलून ट्रककडे गेला. मी मात्र मनात नोंद केली की गडी घाबरलाय. त्याची बायको गरोदर होती, दिवस भरत आले होते. रजेचा अर्ज त्याने टाकला होता आणि तो अडकला होता. तीही नोंद मी करून ठेवली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला खालच्या वाडीतली माणसं पटांगणात आणली होती, जनावरांसकट. आमच्या डोंगरातला माणूस वेळ आली तर घर सोडतो, पण दाव्याची जनावरं सोडून येत नाही. आणि जनावर कुठेतरी बांधल्याशिवाय जेवायला बसत नाही. पटांगणात ना झाड, ना खुंटा. भागीआत्या, माझ्या वडिलांची चुलत बहीण, म्हशीचं दावं हातात धरून भिजत उभी होती.

"बांध गो ट्रकच्या मागच्या हुकाला," मी म्हणालो.

रामकिसनने ते ऐकलं. म्हणाला, "उस्ताद, गाडीला जनावर नका बांधू देऊ. तुमची माणसं हायत, तुमचं ऐकतील."

"एका रात्रीत तुझी म्हातारी झिजत नाही," मी म्हणालो. चार जवान हसले. तोही हसला थोडा, आणि गाडीची डायरी भरायला निघून गेला.

सकाळी ०५३० ला मी चहाचा मग घेऊन बाहेर आलो तर रामकिसन ट्रकचं बॉनेट उघडून उभा होता. मला बघून त्याने ते लगेच खाली घेतलं. हाताला ग्रीस होतं.

"काय करतोस?"

"तेल-पाणी बघत होतो."

रोजचंच काम. कुठलाही ड्रायव्हर करतो. पण मला त्याचं बॉनेट खाली घेणं घाईचं वाटलं.

०६०० ला त्याने किल्ली फिरवली. इंजिनाची साधी हालचालही नाही. एकच 'टक्' आवाज आणि डॅशबोर्डवरचे दिवे मालवले. किल्ली मागे घेतली, दिवे पुन्हा लागले. परत फिरवली, परत 'टक्'. आदल्या संध्याकाळी सहा वाजता हाच ट्रक पहिल्या सेल्फला सुरू झाला होता. मी रामकिसनच्या तोंडाकडे बघितलं. त्याने नजर खाली घेतली.

गिअर न्यूट्रलला होता. बॅटरीचा मेन स्विच चालू होता. बॅटरीची टर्मिनलं हाताने हलवली, घट्ट. मीटर लावला, चोवीसच्या वर व्होल्ट. हेडलाईट झक्क, हॉर्न खणखणीत. बॅटरी भरलेली आणि सेल्फ मात्र मरून पडलेला. दुसरा ट्रक डिझेल आणायला महाडला गेला होता, म्हणजे ओढून चालू करायचीही सोय नाही. हातगिअरचा डिझेल ढकलूनही सुरू होतो, म्हणून पंधरा जवान आणि वाडीतले दहा गडी मागे लावले. रामकिसनने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. चिखलात चाकं फिरलीच नाहीत, नुसती घसरत गेली. दोनदा केलं. तिसऱ्यांदा ट्रक नाल्याच्या काठाला गेला आणि कॅप्टन साहेबांनी हात वर केला.

०६२० झाले होते.

"सकपाळ, कितना टाइम?" साहेबांनी विचारलं. साहेब केरळचे, हिंदी मोजून बोलायचे.

मी त्यांना चार पावलं बाजूला घेतलं. तेव्हा मी जे बोललो त्यातला शब्दन् शब्द आठवतो.

"साहब, गाडी में खराबी नहीं है. किसी ने की है. इसको गाडी के पास मत रखिए."

साहेबांनी रामकिसनकडे बघितलं. विचारलं काही नाही. माझ्यावर त्यांचा भरवसा होता. वरची वाडी पायवाटेने पाऊण तासावर होती. सात जवान चालत पाठवायचे आणि माणसं हाताने खाली आणायची, असं ठरलं. आठवा रामकिसन.

फौजेत एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: ड्रायव्हर गाडी सोडत नाही. गाडी बंद पडो, चिखलात रुतो, ड्रायव्हर तिच्याजवळ राहतो. हुकूम ऐकून रामकिसनने एकदा ट्रककडे बघितलं. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"मी काही केलं नाही, उस्ताद."

"बघू ते," मी म्हणालो.

तो गेला. पाठीवर दोराचं भेंडोळं होतं. मी त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही, मला पुरावा शोधायचा होता.

पंचवीस मिनिटं मी तो शोधला. बॉनेट उघडून सेल्फच्या रिलेची वायर बघितली, जागच्या जागी. फ्यूज काढून बघितले, धड. त्याच्या टूलबॉक्समधला एकेक पाना बाहेर काढला. सीट उचलली. सीटखाली एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लहान बाळाचं कुंची-झबलं, महाडच्या बाजारातून घेतलेलं असावं. मी ती पिशवीसुद्धा उलटी करून झटकली. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही. साप साप म्हणून मी भुई थोपटत होतो.

शेवटी काहीच हाती लागेना तेव्हा मी जे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं ते केलं. दिवे लागतात आणि सेल्फ मारताना सगळंच मालवतं, याचा अर्थ थोडा करंट जातोय, मोठा करंट कुठेतरी अडतोय. एका जवानाला किल्ली फिरवायला सांगितली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं चॅसीच्या उघड्या लोखंडाला. तिथे काटा हलायलाच नको. तो वीसच्या पुढे गेला. म्हणजे बॅटरी आणि चॅसी यांच्यातलं अर्थिंग गेलं होतं.

मी चिखलात पाठीवर पडून पेटीखाली शिरलो. अर्थिंगची पट्टी तांब्याच्या तारांची, वेणीसारखी विणलेली असते. ती मुळापासून तुटत आली होती. सात-आठ तारा धरून होत्या, बाकी सगळ्या ओढून तोडलेल्या. तुटक्या टोकांत काथ्याचे धागे अडकले होते. खाली शेणाचा पो.

मी ते धागे बोटांनी सोडवले. मग बाहेर येऊन भागीआत्याला हाक मारली.

"आत्या, म्हस कुठं बांधलीस?"

"मागं पाणी साचलेलं रे, म्हून कडंला बांधली. त्या पेटीच्या खाली पट्टी हाय ना, तिला." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "विजा झाल्या तशी लय ओढ घेतलीन तिनं. पाटंला सोडली मी. काय झाला काय? तूच बोललास ना बांध म्हून?"

मीच बोललो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

जाड केबलचा तुकडा घेतला, बॅटरीचं निगेटिव्ह थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला जोडलं. ०७१५ ला पहिल्याच सेल्फला म्हातारी धडधडायला लागली. मला इतकं बरं वाटलं की मी एकटाच हसलो. रामकिसनला काय म्हणायचं ते मी स्टिअरिंगवर बसताना ठरवलं होतं. सगळ्यांसमोर म्हणणार होतो, कारण संशय साहेबांसमोर घेतला होता. साहेब शेजारी बसले आणि आम्ही निघालो.

०७२८ ला साहेबांच्या मांडीवरचा वायरलेस सेट बोलला.

"अल्फा, ब्राव्हो बोल रहा हूँ. ऊपर का हिस्सा नीचे आ गया. ओव्हर."

"लोग?"

"लोग सब नीचे रोड पर हैं. हमारा एक कम है."

"कौन?"

सेटवर नुसती खरखर आली, मग आवाज. "ड्रायव्हर, साहब."

वाडीखालच्या वळणावर आम्ही पोचलो तेव्हा तेवीसच्या तेवीस माणसं रस्त्यावर उभी होती. त्यांच्यातला एक म्हातारा खाली बसून नुसता डोकं हलवत होता. बरोबरच्या जवानाने सांगितलं. म्हातारा निघायलाच तयार नव्हता. गोठ्यात दोन बैल बांधलेले, दावी सोडल्याशिवाय येणार नाही म्हणाला. रामकिसनने त्याला पाठीवर घेऊन अर्ध्या वाटेवर आणला, दुसऱ्या जवानाच्या हवाली केला आणि म्हणाला, "बाबा, तुमी जावा. मी सोडून येतो." बैल दोन्ही खाली आले, गळ्यात तुटकी दावी नव्हती, नीट सोडलेली होती. त्यांच्या मागून डोंगर आला.

रामकिसन आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. म्हशीचं, पट्टीचं, आणि साहेबांना बाजूला घेऊन बोललो तेही. कागदावर अर्थिंगची पट्टी तुटल्याचं आलं. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "सकपाळ, ऑर्डर मेरा था." त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं हे मला कळलं. पण ०६०० ला निघालेला ट्रक ०७०० ला परत आला असता, हा हिशेब कुठलाही ऑर्डर पुसत नाही. आणि संशय घेतला नसता तर पट्टी मला दहा मिनिटांत सापडली असती, तो गाडीजवळ असता, हा दुसरा.

पुढच्या रजेत मी परभणीला गेलो. मुलगी झाली होती, चार महिन्यांची. कुंची-झबल्याची पिशवी मी तिच्या आईपुढे ठेवली आणि मनात होतं ते सरळ बोललो. ताई, गाडी त्याने बिघडवली असा मी आळ घेतला. मी म्हणालो म्हणून तो वर गेला.

तिने झबलं उलगडून बघितलं. ते मुलीला आता लहान होत होतं.

"आदल्या सांजच्याला फोन आलता त्यांचा," ती म्हणाली. "मी म्हनले, त्या डोंगराची भीती वाटती मला. तर म्हनले, भिऊ नको, उस्ताद इथलेच हायत, त्यांना समदं ठावं हाय."

तिने मला चहा दिला. मी तो प्यालो. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी रिटायर होऊन पोलादपुरात गॅरेज चालवतो. कशेडी उतरून येणारे ट्रक लागतात. सेल्फ लागत नाही म्हणून कुणी आला की पहिल्यांदा अर्थिंग बघतो, दोन मिनिटांचं काम. आणि त्याच्याही आधी ड्रायव्हरला शेजारी बसवून विचारतो, काल गाडी कुठे उभी होती, तुला काय वाटतं. तो जे सांगेल ते ऐकून घेतो. संशय अजून येतोच, स्वभाव जात नाही. पण मी तो तोंडाबाहेर काढत नाही.

लान्स नाईक रामकिसन, ड्रायव्हर. त्याची डायरी मी एकदा वाचायला मागून घेतली होती. शेवटची नोंद आदल्या संध्याकाळची, त्याच्या गोल अक्षरात. गाडी ठीक. बाजूला म्हैस बांधली आहे. उस्तादांना सांगितले आहे.