फ्रीटाऊनच्या पावसासाठी बांधलेलं घर

शलमोन भिंगारदिवे याला आमच्या गावचा पाऊस पसंत नव्हता. पावसावर नाराज असलेली माणसं नगर जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतात, पण त्यांची तक्रार पाऊस येत नाही अशी असते. शलमोनची तक्रार आलेल्या पावसाबद्दल होती. मुलगी बघायला आलेल्या आडमुठ्या सोयऱ्यासारखा तो आभाळाकडे बघायचा आणि नाक मुरडायचा.

पंचेचाळीस सालच्या सप्टेंबरात तो परदेशातून परत आला, त्याच आठवड्यात चाळीस दिवसांची उघडीप मोडून पाऊस पडला. चांगला दीड तास पडला. ओढा वाहिला. लोक अंगणात येऊन एकमेकांकडे बघून उगीचच हसत होते, आणि बांधाच्या भांडणावरून सात वर्षं अबोला धरलेल्या दोघांनी एकाच चंचीतली तंबाखू खाल्ली. शलमोन पायांत बूट घालून दारात आला, तळहात पुढे केला आणि म्हणाला, "संपला?"

"व्हय, संपला. का रं?" त्याची चुलत आत्या गोजरबाई म्हणाली.

"काय न्हाई. तिकडं असल्या पावसात लोक कपडे वाळत घालत्यात."

तिकडं म्हणजे फ्रीटाऊनला. शलमोन लढाईआधी नगरच्या एका दवाखान्यात ड्रेसर होता. जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या, एवढं काम. एक्केचाळीस साली बोटींवर अशी माणसं हवी होती, म्हणून हा मुंबईला जाऊन बोटीवर चढला. त्याआधी त्यानं पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे भंडारदऱ्याचं धरण. आफ्रिकेला वळसा घालून बोट पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीटाऊन बंदरात थांबली आणि नेमकं तिथंच ह्याचं अपेंडिक्स उठलं. डॉक्टरांनी पोट कापलं, शिवलं, तोवर बोट पुढे निघून गेली होती. मग बंदरावरच्याच इस्पितळात त्याला पट्ट्या बांधायला ठेवून घेतलं. साडेतीन वर्षं तो तिथं पट्ट्या बांधत आणि पाऊस बघत राहिला. त्यानं तिथं आणखी काय पाहिलं हे गावाला कधीच कळलं नाही. लढाई कशी होती असं कोणी विचारलं, तरी तो हवेबद्दलच सांगायचा.

आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही फ्रीटाऊनचं वर्ष तोंडपाठ झालं होतं. मेमध्ये वादळं सुरू. पूर्वेकडून दौत सांडल्यासारखं आभाळ चालून येतं, अर्धा तास छपरं हलतात, मग सरळ धार. जूनपासून खरा पाऊस. जुलै-ऑगस्टात सूर्य रजेवर जातो. आपल्याकडं बऱ्या सालात जेवढा पडतो तेवढा तिथं एका पंधरवड्यात पडून मोकळा होतो. काड्यापेटी पेटत नाही, मिठाचं पाणी होतं, बुटांवर हिरवी लव उगवते, गायनाच्या पुस्तकाची पानं चिकटून दोन गीतांचं एक गीत होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाता जाता पुन्हा वादळं. डिसेंबरात वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, त्याचं नाव हरमाटन. आभाळ ताकासारखं पांढरं, सूर्य जस्ती ताटलीसारखा, ओठ फुटतात, टेबलाच्या फळ्या तडकतात. पण घाम वाळतो म्हणून त्या किनाऱ्यावरचे काही लोक त्या वाऱ्याला डॉक्टर म्हणतात. मग मार्च-एप्रिलात पुन्हा चिकचिक. हिवाळा हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. बारा महिने एकच उकाडा, फक्त तो कधी ओला असतो आणि कधी कोरडा.

इथवर गावानं ऐकून घेतलं. पण मार्चमध्ये आमच्याकडं वावटळ उठली, समोरची माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा शलमोन डोळे चोळत म्हणाला, "ह्याला धूळ म्हनता व्हय?" पाऊस कमी म्हटल्याचं आम्हाला काही वाटलं नव्हतं, ते खरंच होतं. पण कर्जत तालुक्याच्या माणसाला धुळीवरून हिणवायचं म्हणजे फार झालं.

आता ह्या सगळ्यात एक माणूस मिरजगावला वाट बघत होतं. शलमोनची बायको रेबेका. चाळीस साली लग्न झालं, वर्षभर दोघं नगरात भाड्याच्या खोलीत राहिली, आणि हा बोटीवर गेल्यावर ती मिरजगावला आपल्या भावाकडं, दानीएल मास्तरांकडं, येऊन राहिली. शलमोन परत आल्या आल्या तिला न्यायला गेला, तेव्हा तिनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "भाड्याच्या खोलीत मी येनार न्हाई, आन भावाच्या घरात तुमी ऱ्हायचं न्हाई. आपलं घर बांधा, मंग न्यायला या."

मागणी वाजवी होती. तिची चूक एवढीच झाली, की कुठल्या गावच्या हवेचं घर हे तिनं सांगितलं नाही.

लढाई संपल्यावर नगरच्या छावणीतला शिल्लक माल लिलावात निघाला होता. शलमोननं तिथून पत्रे, जाडजूड खांब आणि सामानाच्या पेट्यांच्या फळ्या उचलल्या आणि दोन गाड्या भरून गावाबाहेरच्या आपल्या माळावर आणून टाकल्या. कामावर सूर्यभान सुतार. हा माणूस बोलायचा कमी आणि हसायचा त्याहून कमी.

"खांब किती उंच?" सूर्यभाननं विचारलं.

"पुरुषभर."

"आन भिंती?"

"त्या खांबांवर. खाली मोकळं ठेवायचं."

"मोकळं कशापायी?"

"पानी जायला."

सूर्यभाननं चारी बाजूंना पाहिलं. माळ तव्यासारखा पडला होता. सगळ्यांत जवळचं पाणी अर्ध्या मैलावरच्या विहिरीच्या बुडाला होतं. "कुठनं येनार हे पानी?"

"येन्याआदी बांधायचं अस्तं, दादा. आल्यावर न्हाई."

गोजरबाई शेरडं घेऊन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "पुराआदी तारू बांधाया नोहाला निदान देवानं सांगितलं हुतं. तुला कुनी सांगितलं?"

घर उभं राहिलं. पुरुषभर खांबांवर फळ्यांची जमीन, तिच्यावर फळ्यांच्याच भिंती, आणि वर पत्र्याचं छप्पर, इतकं उभं की कावळा बसला तर घसरत खाली यायचा आणि पुन्हा बसायच्या आधी विचार करायचा. वर चढायला शिडी. आमच्याकडची घरं म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पांढरी माती दाबलेलं सपाट माळवद. त्या रांगेच्या टोकाला हे घर, पंगतीत एखादा सोयरा ताटावरून उठून उभा राहावा तसं दिसत होतं. कुठल्याशा फळीवर इंग्रजीत 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं, आणि ती फळी आडवी बसली होती. गावात ते कोणाला वाचता येत नव्हतं हे देवाचे उपकार. वाचता येणारा एकटा शलमोन, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेहेचाळीसच्या मेमध्ये रेबेका दानीएल मास्तरांबरोबर बैलगाडीतून आली. गाडीत भांडी होती, जातं होतं, दोन गोधड्या होत्या. म्हणजे राहायच्याच तयारीनं आली होती. तिनं गाडीतूनच घराकडं मान वर करून पाहिलं.

"माळवद कुठाय?" ती म्हणाली.

"माळवद न्हाई. उतरतं छप्पर हाय. पानी थांबत न्हाई त्याच्यावर."

"पानी ऱ्हाऊ द्या. मिरच्या थांबतील का? सांडगे कुठं घालू? जवारी कुठं पसरू? उन्हाळ्याचं अंग कुठं टाकायचं?"

शलमोन समजावू लागला. जुलैतला पाऊस, पत्र्याचा उतार, खांबांची उंची, सगळं क्रमानं. रेबेका शिडी चढून वर गेली, पत्र्याला आतून हात लावला, झटकन काढून घेतला आणि खाली उतरली. जातं गाडीतून उतरवलंच नव्हतं. दानीएल मास्तर भिडस्त माणूस. ते म्हणाले, "दाजी, घर मजबूत हाय." आणि गाडी वळवली.

आता शलमोनला एकच आशा होती. पाऊस पडेल आणि घर आपली बाजू स्वतःच मांडेल. माणूस ज्याला वर्षभर तुच्छ लेखतो त्याच्याच तोंडाकडं बघायची पाळी येते, तसं झालं. जूनभर तो आभाळाकडं बघत बसला. जुलैत एका दुपारी पाऊस खरंच आला आणि दोन तास पडला. पत्र्यावर असा आवाज उठला की शलमोन खिडकीत उभा राहून काहीतरी ओरडत होता, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. गावातली पाच-सहा माळवदं गळली. त्या घरांतली माणसं कुठं आली असतील, तर शलमोनकडं. पण शिडी कोणी चढलं नाही. सगळी खाली, खांबांमध्ये कोरड्यात शेरडांसकट बसली, आणि पाऊस थांबल्यावर निघून गेली.

शलमोननं त्याच दिवशी रेबेकाला कार्ड लिहिलं: तुमच्याकडे गळले असेल, आपले घर थेंबभरही गळले नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं: "इथे गळले. दोन पातेली ठेवली. गळायचे दिवस वर्षात दोन. उरलेले दिवस मोजून कळवावे."

त्यानं कळवलं नाही. हिवाळ्यात फळ्यांच्या फटींतून वारा असा शिरे की शलमोन घोंगडीत गुंडाळून हरमाटनची गोष्ट सांगायचा, आणि दात वाजत असल्यामुळं ती लांबायची. खरी परीक्षा मार्चनंतर होती. आमच्या उन्हात पत्रा तापला की सकाळी दहालाच घराची भट्टी व्हायची. शलमोननं आधी दुपारची खाट खाली आणली, मग पाण्याचा माठ, मग कंदील, मग बायबल. एप्रिलात त्याचं वर काही उरलं नव्हतं, फक्त घर होतं. विचारलं तर म्हणायचा, "खालची हवा बघतोय."

गोजरबाई मिरजगावच्या बाजाराला गेली आणि ही हवा रेबेकाच्या कानावर घालून आली. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी रेबेका एकटीच बाजाराच्या गाडीनं उतरली. शलमोन खांबाला टेकून बसला होता, बंडी भिजलेली, हातात पुठ्ठ्याचा पंखा.

"वर कोन ऱ्हातं?" तिनं विचारलं.

"आपनच की."

"मंग तुमी खाली का?"

"वर जरा उकडतंय. तिकडं ह्याच दिवसांत..."

"तिकडं बारा म्हैने उकडतं, तुमीच सांगितलंय. मंग तिथली मानसं घर वर बांधून खाली बसत्यात का?"

शलमोननं विचार केला. "तिथं समुद्राचं वारं अस्तं."

"आदी समुद्र आनायचा हुता. पत्रे मागनं."

गोजरबाई शेजारच्या खांबाला टेकून पानाला चुना लावत होती, ती उठून गेली नाही. शलमोननं पंखा खाली ठेवला. "रेबे," तो म्हणाला, "साडेतीन वर्सं रोज मी हे घर बांधलं. ड्यूटी संपली की पडवीत बसायचो, समोर पाऊस, आन मनात खांब रोवायचो. तू कुठं बसशील, चूल कुठं. पाऊस समोर हुता, म्हनून घर तसंच झालं. परत आल्यावर मला दुसरं सुचंना."

रेबेकानं तो पंखा उचलला आणि स्वतःला वारा घातला. मग म्हणाली, "चूल कुठं धरली हुती?"

त्यानं वर, फळ्यांकडं, बोट केलं.

"फळ्यांवर चूल," ती म्हणाली. "मी त्या पावसात भिजून मेले नस्ते, तर जळून मेले अस्ते." आणि गोजरबाईला म्हणाली, "आत्याबाई, सूर्यभानदादांना बोलवा."

सूर्यभान आला. रेबेकानं विचारलं, ह्या वस्तूचं काही होण्याजोगं आहे का. सूर्यभाननं एका खांबावर हात मारला. "खांब हायेत. तुळया हायेत. वर फळ्या हायेत. हे माळवदच हाय, बाई. ह्यानं माळवदावर आनखी एक घर चढवलंय, तेवढं उतरवायचं. दोन तुळया जादा घालू, पालापाचोळा आन पांढरी माती टाकू. खाली भिंती घातल्या की झालं."

"हे तुला बांधताना दिसलं न्हाई व्हय?" गोजरबाई म्हणाली.

"दिसलं की. मी माळवदच बांधत हुतो. वरचं घर त्यानं सांगितलं म्हनून."

सगळ्यांनी शलमोनकडं पाहिलं. ज्या घरासाठी त्यानं साडेतीन वर्षं पाऊस ऐकला होता, ते एका सुतारानं दोन वाक्यांत खाली उतरवलं होतं. तो उठला, शिडी चढला, आणि वरून विचारलं, "मंग तू येशील?"

"भिंती वल्या असल्या तरी येईन," रेबेका म्हणाली.

पहिला पत्रा त्यानंच काढला.

पत्रे दानीएल मास्तरांनी शाळेच्या पडवीला नेले. खांबांमध्ये मातीच्या भिंती चढल्या, फळ्यांवर पांढरी माती पडली, आणि ती दाबायला शलमोन स्वतः धुमस घेऊन उभा होता. ओल्या भिंतींतच रेबेकाचं जातं बसलं. आठवड्याभरात माळवदावर मिरच्या लाल होऊन पसरल्या, शेजारी सांडगे, आणि कडेला काठी घेऊन कावळे हाकायला शलमोन. पायाच्या अंगठ्यानं तो माती चाचपत होता.

"फ्रीटाऊनात ही माती एका दुपारीत समुद्रात गेली अस्ती," तो म्हणाला.

"मंग तिथं न्हेऊ नका," रेबेका सांडगे उलटत म्हणाली. "आन तुमच्या मागं कावळा बसलाय."