पोरगी सुखरूप पोचली

लेक माहेरी आली की ती पोचल्याचं सासरी फोन करून कळवायचं, ही आमच्याकडची रीत. रीती पाळण्यात मी गावात एक नंबर. बाकी कशात नाही. त्यामुळे त्या दिवशी पुतणी सकाळच्या एसटीनं आली, ओट्यावर टेकली, तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तोवर माझा फोन लागलासुद्धा होता.

"जावईबापू, पोरगी सुखरूप पोचली बरं का. काळजी नका करू."

पलीकडून काही आवाज आला नाही. मग फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली. सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या त्या गावात रेंजचं तसंच आहे.

वळून पाहिलं तर पुतणीनं तांब्या बाजूला सारला होता.

"काका, मी तिकडं सांगून न्हाई आले."

"घाईत इसरलीस काय?" मी विचारलं. माझी अक्कल चालायला वेळ लागतो.

अंगणात उकडलेली हळद वाळत घातली होती. तिथून बायको हात झटकत आली. तिनं पुतणीकडं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमी जरा हळदीकडं बघा जाऊन," म्हणाली. हळद काय पळून चालली होती? पण गेलो.

थोरले भाऊ आणि वहिनी गेल्यापासून त्या पोरीचं माहेर म्हणजे आमचंच घर. जावई आमच्याकडं आला की इतका गोड बोलायचा, की मी आत सांगायचो, चहात साखर बेताची टाका.

अंगणातून मला खिडकीतलं दिसत होतं. बायकोनं तिचे केस सोडले, तेल लावलं. पोरीचा डावा हात डोक्यापर्यंत जातच नव्हता. बायकोनं काहून म्हणून विचारलं नाही. सावकाश गुंता सोडवला, वेणी घातली आणि मग म्हणाली, "तुला काय पायजे ते सांग. आपण तसंच करू."

पोरगी तिथंच आडवी झाली.

"झोप पायजे, काकू."

ती दुपार उलटेपर्यंत झोपली. बायको उशाशी बसून राहिली. शेजारीण दळणाला हाक मारायला आली तर तिला बोट ओठावर ठेवूनच परत पाठवलं. उठल्यावर पोरीनं सगळं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे. शेवटी ती म्हणाली, "मला तिथं परत जायचं न्हाई."

मी तेवढ्यात म्हणालो, जावयाला परत फोन करून सांगतो, की पोरगी इथून नांदेडला गेली. बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"एक फोन केलात तेवढा पुरे! आता ते येणारच. त्याच्या आधी आपण वसमतला जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वसमतला गेलो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी हात तपासला, काय काय लागलंय ते लिहून घेतलं. तिथून संरक्षण अधिकारी बाईंकडं गेलो. घरात मार खाणाऱ्या बायांसाठी सरकारनं नेमलेल्या बाई. मला वाटलं, त्या नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत घालतील. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. पुतणीलाच विचारलं, कोर्टात अर्ज करायचा का? ती "व्हय" म्हणाली. निघताना मात्र बाई माझ्याकडं वळल्या. "तो आला तर हिला त्याच्याजवळ एकटीला सोडू नका. दोनच शब्द बोलतो म्हणाला, तरी नाही." मी अशी मान डोलावली की जणू हे मला आधीपासून ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तो आलाच. सोबत त्याचा चुलता. माझ्या हातांनी सवयीनं सतरंजी अंथरली, वर लोडसुद्धा ठेवला.

"भांड्याला भांडं लागतंच, पाव्हणं," चुलता म्हणाला. "ओटी भरा. पोरीला घेऊन निघतो."

आमच्याकडं तांदूळ-नारळानं ओटी भरली की लेकीची पाठवणी झाली. मग कुणी अडवत नाही. आतून चहा आला. ओटीचं ताट आलं नाही.

"मामा, दोनच शब्द बोलू द्या तिच्यासंगं," जावई गोड आवाजात म्हणाला. "मळ्याकडं चक्कर मारून येतो आमी."

"व्हय व्हय, काहून न्हाई…" इथवर माझं तोंड बोलून मोकळं झालं.

आत पातेलं आपटलं. इतक्या वर्षांच्या संसारात दुसरं काही नाही, तरी पातेल्याची बोली मला कळायला लागली आहे. मी गरम चहा एकदम गिळला. जीभ पोळली.

"न्हाई," मी म्हणालो. "एकटं न्हाई. बोलायचं ते इथं, आमच्यासमोर. अन् ओटी आमी भरणार न्हाई."

आवाज माझाच होता, पण शाळेत पाढे चुकलेल्या पोरासारखा.

जावयाच्या बोलण्यातली साखर संपली. "मग ठिवून घ्या जन्मभर!"

"ठिवून काय घ्यायचं? तिचंच घर हाय."

तेवढ्यात पुतणी दारात आली. चौकट धरून उभी राहिली. बायको तिच्या मागं होती, पण जरा अंतर ठेवून.

"मी येणार न्हाई. मला मार खायला यायचं न्हाई."

"मार?" चुलत्यानं जावयाकडं पाहिलं. त्याला नुसता रुसवा आहे म्हणून सांगून आणलं असावं. त्यानं अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि उठला. जावई "बघून घेतो" म्हणत त्याच्या मागं गेला. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत पोरगी चौकटीलाच होती. मग बायकोनं तिला खाली बसवलं आणि संरक्षण अधिकारी बाईंना फोन करून तो आल्याचं, धमकी दिल्याचं सगळं सांगितलं.

दिवेलागणीला आम्ही तिघं मिळून हळद गोळा केली. पुतणी आत गेल्यावर मी जरा छाती काढून विचारलं, "कसं बोललो मी?"

"बरं बोललात," बायको म्हणाली. "आता गल्लीतलं कोणी 'पोरगी किती दिवसासाठी आली' म्हणून इचारलं, तर असंच बोला. जावई एकदाच येऊन गेला. गल्ली रोज इचारणार हाय."