शकुबाईचा धुरा

चंद्रपूर कोटाबाहेर कसं पसरलं, ते शकुबाईनं घरच्या ओट्यावर बसून पाहिलं. काल धान होतं तिथं ज्यानं त्यानं आपापला लेआउट पाडला, आपल्यापुरता रस्ता काढला आणि शेवटाला भिंत घातली. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचा खोकलासुद्धा ऐकू यायचा, पण त्याच्याकडे जायचं तर थेट मोठ्या रस्त्यावरून वळसा! असल्या शहाणपणापुढं हातच जोडावेत.

शकुबाईनंही शेतातली धानाची बांधी विकली, पण कडेचा धुरा, म्हणजे बांधावरची पायवाट, तेवढी ठेवली. "धुरा का कोनी इकते?" असं तिनं विचारलं तेव्हा सगळे हसले होते. तिच्या गावाकडची रीतच तशी. धुऱ्यावरची तूर मालकाची, वाट मात्र सगळ्यांची, आणि वाटेनं जाणाऱ्यानं ओंजळभर शेंगा तोडल्या तर त्याला कोणी हटकायचं नाही. आता दोन लेआउटांना जोडणारी तेवढीच वाट उरली होती. शाळेची पोरं, दूधवाला, दवाखान्यात निघालेल्या बाया, सगळे तिथूनच जात. नवरा गेल्यापासून शकुबाईचा जीव या माणसांतच रमायचा.

म्हणून मुलानं, गोपालनं, धुरा बंद करून तिथं गाडी ठेवायचं काढलं तेव्हा ती उठून धुऱ्यावर जाऊन उभी राहिली.

"फुकटची वर्दळ काऊन पाहिजे, माय?" तो म्हणाला. आता घर त्याच्या जिवावर चालत होतं. ती ओट्यावर परतली.

बिरजू मिस्त्रीनं दुपारपर्यंत भिंत कमरेएवढी आणली आणि थापी धरून उभाच राहिला.

"गोपालभाऊ, माहं घर तिकडं, सायकल इकडं. मी जाऊ कुठून जी?"

गोपाल हसला. "मोठ्या रोडनं जा."

इतक्यात भिंतीपलीकडं रोज या वाटेनं जाणारी म्हातारी सुकरी आली. भांडली नाही, की रडली नाही. सकाळी याच धुऱ्यावरून तोडलेल्या तुरीच्या शेंगा तिनं पदरातून काढून भिंतीवर ठेवल्या.

"वाट नाई, तं शेंगा कायच्या?" म्हणाली आणि वळली.

शकुबाईला रडूच आलं. गोपालचा चेहरा पार उतरला. त्यानं शेंगा उचलल्या, भिंतीवरून उडी मारली आणि धावत जाऊन म्हातारीच्या पदरात घातल्या.

"ठेव मावशी. वाट हाये."

बिरजूनं आपलीच भिंत शिव्या घालत पाडली. त्याच विटांचा तुरीजवळ ओटा झाला. शकुबाई आता तिथंच बसते, आणि गोपालची गाडी रस्त्यावर उन्हात असते.