नळाला रोज पाणी येतं

तारामती अर्धापूरची लेक. केळीच्या बागेत, पाटाच्या पाण्यात पाय सोडून वाढलेली, आणि दिली कंधारकडच्या कोरड्या गावात. लग्नापासून तिनं डोक्यावरून पाणी वाहिलं. मग दिल्लीच्या योजनेचा नळ दारात आला, गावाच्या पाणी समितीचं अध्यक्षपद तिच्याकडे आलं आणि नवरा वैजनाथ पाणी सोडायच्या कामाला लागला. नळ आला खरा, पण होळीच्या आतच योजनेची विहीर आटली आणि नळही कोरडा पडला.

वैशाखात योजनेचं मूल्यमापन करायला केंद्राचं पथक येणार, असा निरोप आला, तोही चांगला आठवडाभर आधी. सरपंच अमृतरावांनी पथक यायच्या दिवशी सकाळीच टँकर आणून टाकी भरली आणि वैजनाथला बजावलं, की शेरा वाईट आला तर पहिली नोकरी तुझी जाईल. घर त्याच पगारावर चाललेलं. घाबरलेली तारामती स्वतः घरोघर फिरून बायकांना सांगून आली, की भांडी आत ठेवा, रोज पाणी असल्यासारखं वागा.

पथकातल्या सौदामिनी मॅडम नेमक्या तिच्याच अंगणात आल्या; मागोमाग अमृतराव आणि वैजनाथही होते. त्यांनी नळ सोडला. जोरात धार लागली.

"रोज येतं?"

"हाव, रोज," तारामती कशीबशी म्हणाली.

मॅडम नळ चालूच ठेवून लिहायला लागल्या. पाणी मातीत चाललं होतं. तारामतीनं पदर मुठीत आवळून धरला, तरी तिला राहवेना. तिनं घरातून हंडा आणून धारेखाली लावला. मग कळशी, मग घागर, मग चहाचं पातेलंसुद्धा. भिंतीपलीकडून शेजारच्या उज्ज्वलानं ते पाहिलं आणि बघता बघता सगळी गल्ली भांडी घेऊन अंगणात लोटली. अमृतराव डोळे वटारत राहिले, पण पाणी दिसल्यावर बायका कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"रोज येतं, तर एवढी घाई कशाला?" मॅडमनी हळूच विचारलं.

 तारामतीनं वैजनाथकडे पाहिलं. तो क्षणभर घुटमळला आणि पुढे झाला.

"टँकरचं हाय, मॅडम. मीच सोडलं."

तेव्हा कुठं तारामतीला कंठ फुटला. "लिहून घ्या. आधी उन्हाळ्यात विहिरीत डोकावून बघा, मंग नळ बसवा. अन् पुढच्या बारीला सांगून येऊ नका."

मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि त्या गाडीत बसल्या. धुरळा खाली बसायच्या आत अमृतरावांनी वैजनाथपुढे हात केला. त्यानं पंपाची किल्ली काढून दिली, आणि भरलेल्या भांड्यांच्या मधोमध उभ्या तारामतीनं तोंडाला पदर लावला.