साडूंच्या इंजिनातली मोहरी

पेट्रोलच्या वासाने ज्याची भूक खवळते असा माणूस अख्ख्या वसई-विरार पट्ट्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. म्हणजे माझे साडू. दिसायला अगदी सभ्य. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, भांग असा की फूटपट्टी लावून पाडलाय. गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा पत्र्याचे भाग ठोकायचा गाळा होता. दिवसभर कानाशी प्रेसचा धडाधडा आवाज. असा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर जरा शांत बसेल की नाही? नाव नको! साडू चहाचा कप हातात घेऊनच बिल्डिंगमागच्या शेडमध्ये जायचे आणि गाडीचं बॉनेट उघडायचे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, वरून खिडकीतून म्हणायची, "अहो, तिला तरी जरा आराम करू द्या!"

गाडी म्हणाल तर चारचौघांसारखी पांढरी, छोटी. नाक्यावरच्या रिक्षावाल्यानेही वळून पाहू नये अशी. पण तिच्या पोटात साडूंनी एक परदेशी सुपरचार्जर बसवला होता. कुठल्याशा आपटलेल्या गाडीतला, मुंबईच्या जुन्या बाजारात हुडकून आणलेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण साडूंना समजावून सांगायची भारी हौस. "इंजिन आपलं आपण श्वास घेतं ना, साडूभाऊ, मी त्याच्या तोंडात पंप लावलाय. आता हवा जास्त जाते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त नको? पंगतीला पाहुणे वाढले की भात वाढवता ना, तसंच." तो भात वाढायचं काम इंजेक्टरचं. कंपनीचे इंजेक्टर पुरेनात म्हणून साडूंनी मोठे आणले, आणि चौघांची धार सारखी पडते की नाही हे बघायला ताईच्या लोणच्याच्या चार बरण्या खाली नेल्या. त्या वर्षी आम्हा सगळ्यांना कैरीचं लोणचं पेट्रोलच्या फोडणीचं मिळालं. ताई महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलत होती. साडू मात्र पानात दुसऱ्यांदा लोणचं वाढून घ्यायचे.

लग्नाकार्यात त्यांना सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला मनवेलपाड्याच्या हॉलमध्ये ऐन अंगठ्या घालायच्या वेळी साडू गायब. शोधतोय तर बाहेर, सिल्कच्या झब्ब्यात, नवऱ्या मुलाच्या काकांच्या गाडीत कमरेपर्यंत गेलेले! वर आले ते काळे हात आणि प्रसन्न चेहरा घेऊन. "मंडळी चांगली आहेत हो," मला म्हणाले, "प्लग स्वच्छ ठेवतात."

ते सगळं हसण्यावारी जायचं. प्रेसच्या आवाजाने त्यांचे कान कधी गेले ते मात्र कोणाला कळलंच नाही, त्यांना तर नाहीच. त्यांच्या टीव्हीच्या बातम्या तळमजल्यावरचे लोक ऐकायचे. त्यांची बेल वाजली की शेजारचे दार उघडायचे. आणि कोणी विषय काढला की साडू म्हणणार, "मला चांगलं ऐकू येतं. तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात पुटपुटता!"

एका रविवारी ते मला चिंचोटीच्या पुढे, कामणच्या चढाला घेऊन गेले. इंजेक्टरला किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारी एक डबी त्यांनी गिअरजवळ बसवली होती. पेट्रोल जास्त सोडलं तर गाडी काळा धूर ओकते आणि मंदावते. कमी करत आणलं की तिला असा जोर चढतो की पाठ सीटला चिकटते. पण जरा जास्तच कमी झालं, तर इंजिन आतून तडतडायला लागतं, आणि तो आवाज ऐकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही तर खेळ खलास. साडू कमी करत गेले. गाडी सुसाट निघाली. मला कसलासा बारीक आवाज येत होता, मला वाटलं असाच येत असेल. मग धाडकन झालं, आणि धुराने समोरचा रस्ताच दिसेना.

टेम्पोला दोर बांधून गाडी आणली. इंजिन उघडलं तर पिस्टनला भोक. साडू ते पिस्टन मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मी म्हटलं, जाऊ द्या हो, नवीन बसेल. त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते. "ते ओरडत होतं, साडूभाऊ," ते म्हणाले, "आणि मला ऐकू आलं नाही." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ते कबूल केलं. त्यानंतर त्यांनी शेडला कुलूप लावलं. घरात ते असे वावरायला लागले, की जणू उगीचच राहायला आलेत.

ताईला ते बघवेना. गाडीला सवत म्हणणारी ही बाई, एक दिवस तिनेच किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. "इंजिन बांधून घ्या," ती म्हणाली. "मी बसते शेजारी. काय ऐकायचं ते सांगा."

तिचे कान म्हणजे काय सांगू! हॉलमध्ये बसून गॅसवरचं दूध वर यायच्या आत उठणारी बाई ती. इंजिन बांधून झालं. पहिल्याच चढावर तिने त्यांच्या शर्टाची बाही ओढली. "मोहरी तडतडली!" साडूंनी पाय उचलला, डबीचं बटण केसभर फिरवलं, पुन्हा चढ. पुन्हा बाही. हीच त्यांची पद्धत झाली. ओरडून काही सांगायचं नाही, नुसती बाही ओढायची. जोरात ओढली तर मोहरी, हळूच ओढली तर जिरं. "आज फक्त जिरं होतं हो," साडू मला फोनवर ओरडून सांगायचे, आणि माझी बायको म्हणायची, "बघा, ताईला नवरा दर रविवारी फिरवतो तरी." ताई डब्यात थालीपीठ घ्यायची, पदर खोचून बसायची. एवढी लखलखीत चाललेली गाडी मी पुन्हा पाहिली नाही.

मग ताईला पोटाचं दुखणं निघालं. फार दिवस चाललं नाही. हॉस्पिटलमध्ये तिचा आवाज अगदी खोल गेला होता, आणि साडूंना तर साधं बोलणंही ऐकू येत नव्हतं. ती काहीतरी म्हणायची, ते वाकून "काय? काय?" करायचे. शेवटी माझी बायको मधे बसायची. ताई तिच्या कानात सांगणार आणि ही ते साडूंच्या कानात ओरडणार. "ताई म्हणते, माझ्यामागे रात्री नीट जेवा!" "ताई म्हणते, तुमच्यावर रागावले त्याचं मनावर घेऊ नका!" सगळा वॉर्ड ऐकतोय. समोरच्या खाटेवरची म्हातारी पदराने डोळे पुसतेय. माझ्या बायकोलाही पुढे ओरडवेना. नवरा-बायकोने एकमेकांशी हळू बोलायच्या गोष्टी त्या, त्यांना हळू बोलताच आल्या नाहीत. नंतर ताईने बोलणंच सोडलं. साडू दिवसभर खाटेला खेटून बसायचे, तिने त्यांची बाही मुठीत धरलेली असायची. ती गेली तेव्हाही धरलेली होती.

तिचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या रविवारी साडू माझ्या दारात. "चला, कामणला जाऊन येऊ." मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस सावरला. गाडीत बसलो, आणि चिंचोटी मागे पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं, ही ती गाडी नव्हेच. मागे काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, आणि चाल अशी की चढावर विटांचा टेम्पो आम्हाला हॉर्न देऊन पुढे गेला. टेम्पोवाल्याने वळून पाहिलंसुद्धा.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "पेट्रोल फार सोडलंय का हो?"

"हो."

"मग जरा कमी करून बघा ना! डबी तर इथेच आहे!"

साडूंनी डबीकडे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"कमी केलं की ऐकावं लागतं," ते म्हणाले.

दुसऱ्या गिअरमध्ये, धूर सोडत, आम्ही सावकाश चढ चढत राहिलो.