नथ्थूभाऊसाठी प्रार्थना

बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचं नाव नथनेल ठेवलं होतं. वडील शिक्षक होते, त्यांनी हौसेनं शोधून काढलेलं नाव. पण पांढुर्ण्याच्या बाजारात असली नावं टिकत नाहीत. शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याचा नथ्थू झाला, मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा नथ्थूभाऊ झाला, आणि बायको मिलिटरीत निघाली त्या दिवसापासून लोक त्याला 'मेमसाबचा नथ्थू' म्हणू लागले. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. वाईट वाटून घ्यायलाही थोडी फुरसत लागते.

बायको म्हणजे शरोन. माहेर सौसरचं. नर्सिंग शिकलेली, लग्नानंतर इथल्याच एका खासगी दवाखान्यात लागलेली. तिथे काम पोटभर आणि पगार चिमूटभर. लष्कराच्या नर्सिंग सेवेची जाहिरात निघाली तेव्हा तिची वयाची मर्यादा संपत आली होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. ती म्हणाली, "जाऊ द्या. एवढीशी पोरगी सोडून कुठं जाऊ?" तेव्हा नथ्थूच छाती काढून बोलला होता, "जाय तू. इकडचं मी पाहतो सगळं." विचार न करता नवरे आयुष्यात जी काही वाक्यं बोलून टाकतात, त्यांत या वाक्याचा नंबर फार वर लागेल.

निवड झाली. चर्चमध्ये सत्कार झाला, हार घातले, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. "काळजी करू नको, आम्ही आहोत ना," असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. मग तिला गाडीत बसवून सगळे आपापल्या घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या दोन वेण्या घालायला एकटा नथ्थू उरला. पोरीचं नाव तबिता, घरात तबू. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या बोटांनी घातलेल्या वेण्या इतक्या आवळ बसायच्या की तबूच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि पोरगी दिवसभर आश्चर्यचकित दिसायची.

घरात तिसरं माणूस म्हणजे नथ्थूची आई, वच्छलाबाई. मनानं खंबीर, पण गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेले. स्टुलावर बसून स्वयंपाक करायची, आणि स्टुलावर बसून जेवढं पोहोचतं तेवढंच घर तिच्या ताब्यात होतं. बाकीचं सगळं नथ्थूकडे. सकाळचा डबा, शाळा, दुकान, मधेच शाळेतून पोरीला आणणं, तिला दुकानातच एका खोक्यावर बसवणं, संध्याकाळी भांडी, कपडे, आणि रोजची कुटुंबप्रार्थना. त्यात उन्हाळा लागला. संत्र्याच्या बागांना पाणी हवं, विजेला ताकद नाही, त्यामुळे रोज कुणाची तरी मोटर जळायची. मग तो बागवाला जळकी मोटर घेऊन येणार आणि "नथ्थूभाऊ, आजच पायजे" म्हणून डोक्याशी उभा राहणार. झाडं वाळून राहिली म्हटल्यावर नाही तरी कसं म्हणायचं?

शरोनचं ट्रेनिंग दूर उत्तरेत, कुठल्याशा छावणीत. नर्स असली तरी आधी परेड, पळणं, सलामी, सगळं शिकायचं. फोन हातात मिळायचा तो फक्त रविवारी दुपारी. त्या फोनची नथ्थू परीक्षेसारखी तयारी करायचा. तबूचं तोंड धुवायचा, आईला बजावून ठेवायचा, आणि शरोननं "कसं चालू आहे?" म्हटलं की ठसक्यात सांगायचा, "मस्त!" तबूला ताप आला, तरी मस्त. आई न्हाणीत घसरून पडली, तरी मस्त. "अन् तुह्यं?" तिकडूनही तेच उत्तर, "मस्त." दोघंही फोन ठेवताना खूश असायची. निदान तसं दाखवायची.

ईस्टरच्या पहाटेच्या भक्तीला नथ्थू गेला खरा, पण सगळे उभं राहून गात असताना हा बसल्या जागी झोपला. चांगला मान टाकून झोपला. बाहेर पडताना दारात रत्नमालाकाकू भेटल्या. महिला मंडळाच्या सचिव, रिटायर्ड नर्स, मनानं खरोखर चांगल्या. त्यांच्या चांगुलपणाचीच सगळ्यांना जरा धास्ती होती.

"काऊन रे नथनेल, डोळे किती लाल? बरा आहेस ना?"

या प्रश्नाला आमच्याकडे ठरलेलं उत्तर असतं, 'प्रभूची कृपा.' माणूस सलाइनवर असला तरी हेच सांगतो. पण त्या पहाटे नथ्थूच्या अंगात एवढे दोन शब्द उचलायचीही ताकद नव्हती. तो म्हणाला, "थकून गेलो काकू. कधी कधी वाटते, तिले म्हणावं, ये वापस."

"प्रार्थनेत ठेवते हो तुले," काकू म्हणाल्या, आणि तिथेच घात झाला.

चहाडी करणं पाप आहे हे आमच्यात लहान लेकरालाही ठाऊक असतं. पण तीच गोष्ट 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणून सांगितली की तिची सेवा होते. मोबाइलवर एक गट होता, 'कृपासाखळी' नावाचा. त्यात काकूंनी लिहिलं, 'बंधू नथनेल फार थकले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.' एवढंच. अगदी खरं. कुणीतरी ते पुढे सौसरच्या गटात टाकताना लिहिलं, 'तणावातून जाणाऱ्या एका कुटुंबासाठी.' बोरगावला पोहोचेपर्यंत त्याचं 'मोडत्या संसारासाठी' झालं. मग ते फिरून परत कृपासाखळीवर आलं, तिथल्या एका बंधूंना ईस्टरच्या पहाटेचे लाल डोळे आठवले, टाकलेली मान आठवली, नथ्थूच्या कपड्यांना येणारा उग्र वासही आठवला, आणि त्यांनी कळकळीनं लिहिलं, 'बंधूची व्यसनातून सुटका व्हावी म्हणून.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं फक्त आपल्या परीनं थोडी जास्त काळजी केली होती.

नथ्थूला याचा पत्ता नव्हता. साखळीचे मेसेज तो उघडतच नसे, त्याला कुठला वेळ? शनिवारी सौसरहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्याच्या हातात अर्धी गुंडाळलेली मोटर होती.

"जवाईबापू," त्या रडक्या आवाजात म्हणाल्या, "खरं खरं सांगा. तुम्ही घेता का?"

"काय घेतो?"

"तेच ते."

कळायला थोडा वेळ लागला. "आई, तो वार्निशचा वास आहे! मोटरले लावतो ते वार्निश! चहाच्या वर कधी काही घेतलं नाही मी."

"माह्या मनानं तेच म्हटलं," सासूबाई नाक ओढत म्हणाल्या. "पण शरोन बी त्या गटात आहे ना. उद्या तिच्या हाती फोन येईन."

मोटर बाजूला ठेवून नथ्थूनं पहिल्यांदा साखळी उघडली आणि खालपासून वरपर्यंत वाचली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण आमच्या ख्रिस्ती घरांत शोभत नाही, पण त्याला दुसरं काही सुचलं नाही. राग यायला हवा होता. राग आला नाही, नुसती धडकी भरली. शरोनला तो चांगला ओळखत होता. घर मोडायला आलं असं वाचलं की ती ट्रेनिंग टाकून पुढच्या गाडीत बसेल, आणि एकदा सोडलेली ती जागा पुन्हा मिळणार नाही.

आणि या धडकीच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंही काहीतरी होतं. येईल तर येऊ दे. ते त्याला स्वतःलाच दिसलं आणि त्याची मान खाली गेली.

रविवारी चर्चमध्ये जो तो त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबत होता. कुणी काही विचारलं नाही, सगळे फक्त दाबत होते. घरी येऊन तो फोन समोर ठेवून बसला. वच्छलाबाईनं वाढलेलं ताट तसंच निवलं.

फोन आला. आमच्यातला नेहमीचा "सलाम" नाही, काही नाही.

"अहो, खरं सांगा."

"दारू नाही," नथ्थू घाईनं म्हणाला. "वार्निश."

"ते मालूम आहे मले. खोकल्याच्या औषधानं बी तुम्हाले गरगरते. बाकीचं सांगा."

"बाकी मस्..." शब्द अर्ध्यातच अडकला. "थकलो, शरोन."

आणि मग बांध फुटला. तबूचा ताप सांगितला, आईचं पडणं सांगितलं. तबू डबा तसाच परत आणते, आणि झोपताना तुझी ओढणी तोंडाशी धरते, हेही सांगितलं. शरोन सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मी इथल्या मोठ्या मॅडमले सांगून ठेवलं आहे. घरी अडचण आहे, मले जाऊ द्या. त्या म्हणल्या, आज घरी बोल अन् उद्या पक्कं सांग."

नथ्थूचं काळीज उडालं. आनंदानंच उडालं, उगाच लपवायचं कशाला?

"अन् एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नका. ते सगळं वाचलं ना, तर मले बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"हो. वाटलं, चला, आता जाता येते. आपल्या तोंडानं म्हणावं नाही लागत, की माह्याच्यानं होऊन नाही राहिलं." मग ती सांगतच सुटली. "इथं सगळ्या पोरी माह्याहून लहान आहेत. पळताना मी मागंच राहतो. बुटानं अंगठ्याचं नख गेलं. त्या पोरी दीदी दीदी म्हणून माही पिशवी उचलतात, त्याचीच जास्त लाज वाटते. न्हाणीत नळ सोडून रडतो मी. अन् तुम्हाले सांगतो, मस्त."

"मी बी तेच सांगत होतो," नथ्थू म्हणाला.

दोघंही हसली. हसू कसलं, नुसता नाकातून निघालेला वारा.

आता तर सगळं सोपं झालं होतं. 'ये' एवढंच म्हणायचं. ती त्याच शब्दाची वाट पाहत होती, आणि त्यालाही ती हवी होती, आत्ताच्या आत्ता हवी होती. मोठेपणाची हौस त्याला नव्हती. पण त्याला एक दिसत होतं. ती आली असती ती त्याच्या नावावर आली असती. उद्या त्याच दवाखान्यात तेच चिमूटभर पैसे मोजून घेताना ती एका शब्दानं बोलली नसती, आणि ते न बोललेलं दोघांच्या मधे जन्मभर जेवायला बसलं असतं.

"हे पाह्य शरोन," तो म्हणाला. प्रत्येक शब्द त्याला जड जात होता. "तुह्याच्यानं होत नाही म्हणून यायचं असन, तर ये. मी स्टेशनवर घ्यायले येतो, कोणाले एक शब्द बोलू देत नाही. पण माह्यासाठी येऊ नको. मी थकीन, झोपीन, उठीन. माह्या थकव्याचं नाव नको लावू."

पलीकडे लांब कुठेतरी शिट्टी वाजली, पोरींचा गलका ऐकू आला.

"तुम्ही प्रार्थना करा," शरोन म्हणाली.

घरात प्रार्थना नेहमी तीच चालवायची. नथ्थूचं काम शेवटी आमेन म्हणायचं. त्यानं तबूला मांडीवर ओढलं, डोळे मिटले, आणि मोठमोठे शब्द शोधायच्या भानगडीत पडला नाही. "प्रभू, आम्ही थकलो. दोघं बी थकलो. तू पाह्य आता. आमेन."

"आमेन!" तबू फोनच्या तोंडाशी जाऊन ओरडली.

शरोननं पोरीशी दोन गोष्टी केल्या, फोनवरूनच तिचे मुके घेतले. मग परत नर्सच्या आवाजात म्हणाली, "तापाचं औषध जेवल्यावर देत जा. न्हाणीत पोतं अंथरा, नाहीतर आई अजून पडतीन. डब्यात पोळीचा लाडू देऊन पाहा, तो खाते ती. अन् पुढच्या रविवारी मले खरं खरं सांगजा. मस्त-बिस्त नाही."

नथ्थूनं विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"हो," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी."

फोन बंद झाला. नथ्थू तसाच बसून राहिला. त्याला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी कुणी अंगातली ताकद काढून घ्यावी तसं झालं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

स्टुलावरून वच्छलाबाई सगळं पाहत होती. अर्धं ऐकू आलेलं, अर्धं नाही. तिचेही गुडघे सुनेची वाट पाहत होते. तिनं आशेनं विचारलं, "काय म्हणते? येऊन राहिली का?"

"नाही आई," नथ्थू म्हणाला. "राहून राहिली."