दृष्टिहीन म्हणायचं असतं

पिपलानी कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळात एक निवृत्त फिटर काका होते. एका कार्यक्रमात त्यांनी माईकवर सांगितलं, "आता आपल्या कॉलनीतली आंधळी पोरगी गाणार आहे. फार गोड गाते." कुणीतरी तेवढाच व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस लोक त्यांना असंस्कृत ठरवत राहिले. मंडळाचा सचिव म्हणून माफीनामा मीच लिहून त्यांच्याकडे नेला.

सही करून त्यांनी विचारलं, "मग काय म्हणायचं असतं?"

"दृष्टिहीन."

"आधी कुणी सांगितलं असतं, तर तेच म्हटलं असतं."

काका पुन्हा मंडळात आले नाहीत. त्या मुलीला गाण्याच्या क्लासला मात्र अजूनही तेच स्कूटरवरून नेतात. ग्रुपवर हे लिहावं असं मला कितीदा वाटलं, पण आता वाद घालायचं त्राण उरलेलं नाही.